मुलें खेळ पाहतात, त्यांतून काय शिकतात?

(धर्मग्रामाच्या महोत्सवानिमित्त सावर्डे येथें पालकसभेंत केलेलें भाषण)



महोत्सवाच्या कार्यक्रमांत एक तास पालकांसाठीं राखून ठेवावा व त्या तासांत आम्हीं दोन शब्द बोलावेत, अशी आज्ञा झाली तेव्हां विषयही ठरवून देण्यांत आला होता. तो विषय 'मोबाइलचे दुष्परिणाम' हा होता. आम्हीं विनंती करून तो बदलून घेतला. दुष्परिणामांविषयीं सांगण्यासारखें आमच्याजवळ कांहीं नाहीं असें नव्हे. पुष्कळ आहे, व त्यांतील कांहीं पुढें सांगणारही आहों. परंतु गेल्या दहा वर्षांत ह्या एका विषयावर सावर्ड्यापासून चिपळुणापर्यंत इतकीं भाषणें झालीं आहेत, आणि तीं ऐकून घरीं परतणाऱ्या आईबापांनीं वाटेंतच इतक्या वेळां खिशांतून मोबाइल काढून पाहिला आहे, कीं आणखी एका भाषणानें कांहीं साधेल असें आम्हांस वाटलें नाहीं.

आमचा आजचा प्रश्न साधा आहे. आपल्या घरांतील आठ-दहा वर्षांचीं मुलें यूट्यूबवर तासन्‌तास दुसऱ्याचा खेळ पाहत बसतात. स्वतः खेळत नाहींत; कोणी दुसरा खेळतो, खेळतां खेळतां बोलतो, आणि हीं पाहतात. ह्या पाहण्यांतून त्यांच्या पदरीं कांहीं पडतें कीं नाहीं? आणि पडत असल्यास तें कोणत्या अटीवर पडतें?

सभेंतील ज्या वडीलधाऱ्या मंडळींनीं हे व्हिडिओ कधीं पाहिले नसतील त्यांच्यासाठीं त्यांचा प्रकार थोडक्यांत सांगतों. खेळणारा आपल्या पडद्यावर चाललेला खेळ जसाच्या तसा मुद्रित करितो, त्यावर आपल्या आवाजांत निवेदन करितो, कोपऱ्यांत बहुधा आपला चेहराही दाखवितो, आणि तें सारें इंटरनेटवर ठेवितो. कित्येकदां खेळ चालू असतांनाच तो थेट दाखविला जातो. मुख्यतः असे खेळ दाखविण्यासाठीं अमेरिकेंत २०११ सालीं ट्विच नांवाची स्वतंत्र सेवा निघाली, आणि २०१४ सालीं अ‍ॅमेझॉन कंपनीनें ती सुमारें सत्त्याण्णव कोटि डॉलरांस विकत घेतली. दुसऱ्याचा खेळ पाहण्यास एवढें मोल आहे हें ऐकून पुष्कळांस हंसूं येतें. आम्हांसही आलें होतें. परंतु जन्मांत बॅट हातीं न धरलेला गृहस्थ पांच दिवस कसोटी सामना पाहतो, तेव्हां त्याला कोणी वेडा म्हणत नाहीं. आमच्या लहानपणीं ओटीवर पत्त्यांचा वा बुद्धिबळांचा डाव मांडला, कीं खेळणारे थोडे आणि पाहणारे दहा असत. आणि त्या दहांतील एखादें पोर चार महिने नुसतें पाहून एके दिवशीं आजोबांवर मात करी. आपल्या सावर्डेकरांस तर हें अधिक सहज पटावें. येथें सह्याद्रि शिक्षण संस्थेचें कलामहाविद्यालय आहे. चित्रकार विद्यार्थ्यांसमोर प्रात्यक्षिक करितो तेव्हां विद्यार्थी कुंचला बाजूस ठेवून नुसते डोळे लावून बसतात. त्यांस कोणी आळशी म्हणत नाहीं. कारण प्रात्यक्षिक संपल्यावर तेच विद्यार्थी कागद ओला करून बसणार आहेत हें सर्वांस ठाऊक असतें.

वडिलांची भीतिही नवी नाहीं. १९३६ सालीं पोप अकरावे पायस यांनीं चित्रपटांविषयीं एक विश्वपत्र काढलें. दक्षता व काळजी ह्या अर्थाच्या दोन लॅटिन शब्दांनीं तें सुरू होतें व त्याच नांवानें तें ओळखलें जातें. त्यांत वाईट चित्रपटांविरुद्ध कडक इशारा आहे; पण चांगल्या चित्रपटानें मनाचें कल्याण होऊं शकतें हेंही त्यांत तितक्याच स्पष्टपणें सांगितलेलें आहे. आपण इशारा लक्षांत ठेविला व दुसरा भाग विसरलों, ही आपली नेहमींची खोड.

आतां घरची गोष्ट. आमच्या धाकट्या भावाचा मुलगा आमच्याजवळ राहतो. त्याचे वडील मुंबईस नोकरीला आहेत. मुलाचें वय त्या वेळीं अकरा. २०२५ च्या मे महिन्यांत, सुटीचे दिवस असतांना, एके दुपारीं तो पाऊण तास मोबाइलवर डोळे लावून बसलेला आम्हीं पाहिला. पडद्यावर कोणी माणूस माइनक्राफ्ट नांवाच्या खेळांत ठोकळ्यांवर ठोकळे रचीत होता. ज्यांस हा खेळ ठाऊक नाहीं त्यांनीं इतकेंच समजावें, कीं त्यांतील सारें जग, डोंगर, झाडें, घरें, हें चौरस ठोकळ्यांचें आहे, व प्रत्येक ठोकळा एक मीटर लांब, एक मीटर रुंद व एक मीटर उंच धरलेला आहे. स्वीडन देशांतील एका गृहस्थानें तो २००९ सालीं प्रथम लोकांपुढें ठेविला, आणि पुढें २०१४ सालीं मायक्रोसॉफ्टनें त्याची कंपनी विकत घेतली. आम्हांस त्या दिवशीं ह्यांतलें कांहींएक ठाऊक नव्हतें. आम्हांस एवढेंच दिसलें, कीं बाहेर आंबे पडत आहेत आणि पोर खोलींत बसून परक्या माणसाचें ठोकळे रचणें पाहत आहे. आम्हीं मोबाइल हातांतून घेतला व कपाटांत ठेवून कुलूप लाविलें.

मुलगा रडला नाहीं, भांडला नाहीं. तो उठून परसांत गेला. बराच वेळ झाला तरी येईना, म्हणून आम्ही पाहावयास गेलों, तों तो विहिरीच्या कठड्यावर ओणवा होऊन आंत पाहत होता. आमच्या काळजाचा ठोका चुकला हें सांगावयास नको. आम्हीं हांक मारली. त्यानें मान वर न करितां विचारिलें, "काका, आपली विहीर गोल आहे. पण चिरे तर चौकोनी आहेत. मग गवंड्यानें गोल कसें केलें?"

बंधुभगिनींनो, त्या विहिरीचें पाणी आम्ही पन्नास वर्षें पीत आहों. हा प्रश्न आम्हांस कधीं पडला नव्हता, आणि त्याचें उत्तरही आम्हांस देतां आलें नाहीं.

मागाहून त्याला जवळ घेऊन बसलों तेव्हां कळलें, कीं तो व्हिडिओंतील माणूस ठोकळ्यांचा गोल बुरूज बांधीत होता. त्या खेळांत ठोकळा तिरका करितां येत नाहीं. मग गोल कसा साधावा? त्या माणसानें सांगितलें होतें, कीं मधली ओळ सर्वांत लांब घ्यावी, मग बाजूस सरकत पायऱ्यांप्रमाणें ठोकळे कमी करीत जावें. आणि वर्तुळाचा केवळ आठवा हिस्सा नीट मोजला म्हणजे उरलेले सात हिस्से त्याचींच प्रतिबिंबें असतात, ते पुन्हां मोजावे लागत नाहींत. मुलानें हें ऐकलें होतें, कागदावर चौकटी आंखून करूनही पाहिलें होतें. आम्हीं शाळेंत वर्तुळ हा शब्द, व्यास हा शब्द, सममिति हा शब्द पाठ केला. परंतु आठव्या हिश्श्यांत सारें वर्तुळ लपलेलें असतें ही गोष्ट आमच्या मनावर कोणी अशी ठसविली नाहीं. कदाचित् ठसविली असेल व आमचें लक्ष नसेल. गुरुजींवर आळ नको.

पुढील रविवारीं मिस्सा आटोपल्यावर आम्हीं त्याला गांवांतील एका वृद्ध गवंड्याकडे नेलें. म्हाताऱ्यानें प्रश्न ऐकून घेतला, अंगणांत चार तुकडे मांडले व सांगितलें, "चिरा वाकत नाहीं, बाळा. आपण त्याला वळवायचा. एकेक चिरा थोडा थोडा वळवीत गेलें, कीं आंतल्या कडा एकमेकींना भिडतात आणि पाठीमागें पाचरीएवढी फट राहते. ती खपऱ्यांनीं भरायची. मग बाहेरून माती रेटते, आणि जितकी रेटते तितके चिरे एकमेकांना घट्ट धरून बसतात. चुना नसला तरी चालतें." मुलगा क्षणभर गप्प राहिला. मग म्हणाला, "त्या खेळांत खालचा ठोकळा काढला तरी वरचा तसाच अधांतरीं राहतो. नुसती वाळू आणि खडी खालीं पडते." म्हातारा इतका हंसला कीं त्याला ठसका लागला. "तसला चिरा मिळाला तर मलाही आण," म्हणाला.

(ज्या जांभ्या दगडाच्या चिऱ्यांनीं आपलें कोंकण उभें आहे, त्याला शास्त्रज्ञ 'लॅटराइट' म्हणतात. १८०७ सालीं बुकॅनन नांवाच्या इंग्रज कंपनीच्या एका अधिकाऱ्यानें मलबारांत तो पाहून विटेला असलेल्या लॅटिन शब्दावरून हें नांव दिलें; कारण खाणींतून मऊ निघणारा हा दगड विटेसारखा कापतां येतो व वाऱ्यावर राहून कठीण होतो. मुलाला हें सांगितलें तेव्हां, 'म्हणजे हे खरे ठोकळेच,' असें तो म्हणाला.)

ही गोष्ट आम्ही एवढ्या विस्तारानें सांगितली ती मुलाच्या कौतुकासाठीं नव्हे. तिच्यांत आमच्या प्रश्नाचें अर्धें उत्तर आहे. व्हिडिओनें त्याला मोजणी शिकविली, रीत शिकविली आणि एक प्रश्न विचारण्यासारखे डोळे दिले. भार शिकविला नाहीं. तो विहिरीनें व म्हाताऱ्यानें शिकविला. आणि आम्हीं कपाटाला कुलूप लावून काय शिकविलें? कांहीं नाहीं. तो विहिरीकडे गेला हें आमचें पुण्य नव्हे.

ह्या व्हिडिओंतून मुलांस मिळणारी आम्हांस सर्वांत मोलाची वाटणारी गोष्ट निराळीच आहे. शाळेंत फळ्यावर गणित सुटलेलें दिसतें. पण गणित सोडविणारा कोठें अडखळला, कोणती वाट धरून परत फिरला, हें मुलास सहसा दिसत नाहीं. चांगला खेळणारा मात्र मोठ्यानें विचार करितो. 'इकडे जावें का? नको, तेथें मी उघडा पडेन. मग थांबूं. अरेरे, चुकलों, ही चूक मघांच्या खेळींत होती.' दुसऱ्याचें मन चालतांना ऐकूं येणें ही मोठी दुर्मिळ शिकवण आहे.

ह्याचें उत्तम उदाहरण आपल्या महाराष्ट्राशीं संबंध असलेलें आहे. २०२० सालच्या टाळेबंदींत समय रैना नांवाच्या एका विनोदी कलाकारानें यूट्यूबवर बुद्धिबळें खेळून दाखविण्यास सुरुवात केली, आणि नाशिकचे ग्रँडमास्टर विदित गुजराथी त्या कार्यक्रमांत येऊं लागले. बुद्धिबळांचें एरवीं नांव न घेणारीं हजारों मुलें हा कार्यक्रम पाहूं लागलीं. एक जाणता व एक शिकाऊ समोरासमोर. शिकाऊ चुकतो, लोक हंसतात, जाणता तेथेंच सांगतो कीं घोडा तेथें नेला असता तर वजीर वांचला असता. आपल्या ओटीवर हेंच होत असे. ओटी तेवढी मोठी झाली. मुंबईचे सागर शाह व अमृता मोकल ह्या बुद्धिबळपटु दांपत्यानें चालविलेल्या चेसबेस इंडियाच्या व्हिडिओंतूनही मोठमोठ्या सामन्यांतील डावांची अशीच उकल मुलांस घरबसल्या ऐकावयास मिळते.

त्याच वर्षीं ऑगस्टांत बुद्धिबळांचें ऑलिंपियाड इंटरनेटवर भरलें. भारतीय संघाचे कर्णधार विदितच होते, आणि संघांत नागपूरची दिव्या देशमुख ही चौदा वर्षांची मुलगी होती. रशियाविरुद्धच्या अंतिम सामन्यांत इंटरनेट तुटलें, व दिव्या आणि निहाल सरीन ह्या दोघांचे डाव वेळ संपून गेले. पुढें जागतिक संघटनेनें दोन्ही देशांस मिळून सुवर्णपदक दिलें, हा न्याय झालाच. पण पडद्याकडे पाहणाऱ्या लाखों मुलांनीं त्या दिवशीं एक गोष्ट पाहिली, जी कोणत्याही रचलेल्या व्हिडिओंत दिसत नाहीं: चांगलें खेळूनही हातचें जातें, आणि तरीहि उद्यां पुन्हां पटासमोर बसावें लागतें. आपल्या कोंकणांत जेथें वाऱ्याची झुळूक येतांच मोबाइलची रेघ नाहींशी होते, तेथें हें दुःख कोणास समजावून सांगावयास नको. हीच दिव्या २०२५ च्या जुलै महिन्यांत जॉर्जियांतील बातुमी येथें महिलांची विश्वचषक स्पर्धा जिंकून ग्रँडमास्टर झाली. व्हिडिओ पाहून ती तेथवर पोंचली असें आम्ही मुळींच म्हणत नाहीं. ती पोंचली ती वर्षानुवर्षें स्वतः पटावर बसून. पाहणारीं मुलें लाखों होतीं. पटावर बसलीं तीं थोडीं. आमचा सारा मुद्दा ह्या दोन वाक्यांमध्यें आहे.

आणि येथेंच दुसरी बाजूही सांगून टाकितों. समय रैना ह्यांच्याच एका निराळ्या कार्यक्रमांतील बोलण्यावरून २०२५ च्या फेब्रुवारींत देशभर गदारोळ उठला. मूल बुद्धिबळांच्या दारानें आंत शिरलें म्हणून तें त्याच खोलींत राहील असें नाहीं. एक व्हिडिओ संपतांच यंत्र दुसरा आपण होऊन पुढें करितें. पुष्कळ खेळणारे हरतांच शिव्या देतात, जिंकतांच किंचाळतात. मूल खेळाची युक्ति शिकतें तेव्हां ही बोलीही शिकतें, किंबहुना ती आधीं शिकतें. आमच्या मुलानें एके रात्रीं जेवतांना आमटी सांडल्यावर जो शब्द उच्चारिला तो आजीला समजला नाहीं, ही देवाची कृपा.

परंतु शिवीहून मोठा एक धोका आमच्या घरीं येऊन गेला. त्याच मे महिन्याच्या मध्यास एका व्हिडिओंत, खेळ भर रंगांत असतांना, खेळणाऱ्यानेंच थांबून हंसत हंसत सांगितलें, कीं अमुक ठिकाणीं रंग ओळखा आणि पैसे जिंका. मुलानें आजीचा मोबाइल घेतला, आणि आलेले सहा आंकडे आजीनें चष्मा लावून त्याला वाचून दाखविले. पांचशें रुपये गेले. रक्कम लहान; पण मुलाला आम्हीं विचारिलें, 'तुला त्याचा भरंवसा कसा वाटला?' तेव्हां तो जें बोलला तें आम्ही विसरलों नाहीं. तो म्हणाला, "तो रोज सगळें समजावून सांगतो. रागावत नाहीं."

ह्या उत्तरावर आम्ही पुष्कळ दिवस विचार केला. जो माणूस रोज शिकवितो त्याच्यावर मुलाचा विश्वास बसतो, हा मुलाचा दोष नव्हे. तो मुलाचा गुण आहे. त्याच गुणावर आपण शाळा चालवितों, धर्मशिक्षणाचे वर्ग चालवितों. त्या माणसानें शिकवून मिळविलेला विश्वास विकून खाल्ला. आणि आम्ही? आम्ही त्या महिन्यांत मुलाशीं बोललों त्यांतील निम्में बोलणें रागावण्याचें होतें. मग तराजू कोणीकडे झुकावा? पुढें ऑगस्ट २०२५ मध्यें संसदेनें कायदा करून पैसे लावून खेळावयाचे ऑनलाइन खेळ चालविणें व त्यांची जाहिरात करणें हा गुन्हा ठरविला. जाहिरातीबद्दल दोन वर्षांपर्यंत कैद व पन्नास लाखांपर्यंत दंड सांगितला आहे. कायदा चांगला आहे. पण कायदा मुलाच्या शेजारीं येऊन बसत नाहीं.

भाषेविषयीं एक शब्द. मिथपॅट ह्या नांवानें व्हिडिओ करणारे मिथिलेश पाटणकर किंवा डायनॅमो ह्या नांवानें गाजलेले आदित्य सावंत, हे मुंबईचे. नांवें आपल्या घरचीं. बोलणें मात्र हिंदी, कारण पाहणारे साऱ्या देशांतले. त्यामुळें आपलीं मुलें हिंदी शिकतात, थोडें इंग्रजी शिकतात, ह्यांत वाईट कांहीं नाहीं. परंतु खेळांतील कोणतीही गोष्ट मराठींत सांगावयाची वेळ आली, कीं तीं 'तें असं असतं ना' एवढेंच म्हणून थांबतात. आम्हीं ह्यावर एक उपाय करून पाहिला. पाहिलेला व्हिडिओ आजीला समजेल अशा शब्दांत सांगावयाचा. आजी कठोर परीक्षक आहे. "तो माणूस खाणींत कशाला गेला? तिथें वाघ आहेत हें त्याला ठाऊक होतें ना?" असें ती विचारते, व मुलाला खेळणाऱ्याच्या निर्णयाचें कारण शोधावें लागतें. कारण सांगतां आलें तर तो शिकला. नाहीं आलें तर त्यानें नुसते डोळे शिणविले. (खाणींत वाघ नसून दुसरेंच कांहीं असतें, आजीपुढें तो वाद आम्ही सोडून दिला आहे.)

आपल्या संतांपैकीं दोघांची येथें आठवण होते. संत जॉन बॉस्को यांचा जन्म १८१५ सालीं इटलींतील एका गरीब शेतकऱ्याच्या घरीं झाला. लहानपणीं ते जत्रांमध्यें जाऊन डोंबारी व जादूगार यांचे खेळ अगदीं टक लावून पाहत. कोणता हात केव्हां हालला, चेंडू कोठें लपला, हें सारें पाहून घरीं यावें, आणि पडत-आपटत तें स्वतः साधेपर्यंत सोडूं नये. मग सुटीच्या दिवशीं गांवकऱ्यांस जमवून दोरावर चालून दाखवावें; तिकिटाचे पैसे नाहींत, पण आधीं सर्वांनीं प्रार्थना म्हणावयाची व सकाळचें प्रवचन ह्या पोराच्या तोंडून पुन्हां ऐकावयाचें. ते कोणत्या शाळेंत शिकले असते तें दोरावर चालणें? दुसऱ्याचा खेळ पाहूनच शिकले. परंतु पाहिलेलें त्यांच्या पायांत उतरलें, आणि पायांतलें लोकांच्या कामीं आलें.

दुसरे संत आपल्याच काळचे. कार्लो अक्युटिस १९९१ सालीं जन्मले, २००६ सालीं अवघ्या पंधराव्या वर्षीं वारले, आणि ७ सप्टेंबर २०२५ रोजीं पोप चौदावे लिओ यांनीं त्यांस संतपद दिलें. त्यांच्याजवळ खेळाचें यंत्र होतें, आणि खेळ त्यांस आवडत. परंतु आठवड्यास एक तास एवढीच मर्यादा त्यांनीं स्वतःस घालून घेतली होती. आमच्या दृष्टीनें ह्या वाक्यांतील महत्त्वाचा शब्द 'एक' नसून 'स्वतःस' हा आहे. संगणकाचें काम ते पुस्तकें पाहून स्वतः शिकले व तें ज्ञान त्यांनीं ख्रिस्तप्रसादाच्या चमत्कारांचा संग्रह जगापुढें मांडण्यास लाविलें. हें उदाहरण ऐकून उद्यां सकाळीं कोणी पालक घड्याळ घेऊन मुलासमोर उभा राहील, तर त्याला कार्लो समजले नाहींत.

मोठ्या मुलांच्या आईबापांस आणखी एक सांगावेंसें वाटतें. व्हिडिओ करून पैसे मिळवीन असें आज पुष्कळ मुलगे म्हणतात. मिळविणारे आहेत, पण ज्यांचीं नांवें आपणांस ऐकूं येतात तेवढेच, न ऐकूं येणारे असंख्य. त्याऐवजीं खेळ बनतो कसा ह्याकडे त्यांची दृष्टि वळवितां आली तर पाहावी. पुण्याच्या नॉडिंग हेड्स गेम्स ह्या मंडळीनें २०२० सालीं 'राजी' नांवाचा खेळ प्रसिद्ध केला. त्यांतील महाल राजस्थानी वास्तुशिल्पावरून व चित्रें पहाडी शैलीवरून घेतलीं आहेत. म्हणजे खेळालाही चित्रकार लागतो, शिल्पकार लागतो. चित्र-शिल्प शिकावयास दूरदूरचीं मुलें आपल्या सावर्ड्यास येतात. आपल्या मुलांस तें दार चालत जाण्याच्या अंतरावर आहे.

घरीं आम्हीं आतां काय करितों, असें कोणी विचारील. फार कांहीं नाहीं. व्हिडिओ पाहावयाचा तो बाहेरच्या खोलींत, आवाज सर्वांस ऐकूं येईल असा. आपोआप पुढचा व्हिडिओ सुरू होण्याची सोय बंद करून टाकिली आहे. ती कोठें असते हें मुलानेंच आम्हांस दाखविलें. आठवड्यांतून दोनदां आम्ही शेजारीं बसतों. पहिले कांहीं दिवस झोप आली, हें कबूल करितों. मध्येंच विचारितों, 'आतां तो काय करील, सांग पाहूं.' मुलाचें बहुधा बरोबर येतें, आमचें चुकतें, आणि ह्या चुकण्याचा त्याला जेवढा आनंद होतो तेवढा आमच्या कोणत्याही उपदेशानें झालेला नाहीं. पैशांची गोष्ट निघाली कीं तो आतां आपण होऊन म्हणतो, 'हा विकायला लागला.' एवढें त्याला कळूं लागलें आहे. कधीं कधीं आम्ही बाहेर असतों, तेव्हां नियम मोडतातही.

विहिरीची गोष्ट अर्धवट राहिली ती पुरी करून थांबतों. त्या खेळांत चार ठोकळ्यांएवढा चौकोनी खड्डा खणून समोरासमोरच्या दोन कोपऱ्यांत दोन बादल्या पाणी ओतलें, कीं झरा कायमचा तयार होतो. कितीही उपसा, आटत नाहीं. मे महिन्याच्या त्या दिवसांत आमच्या विहिरीचा तळ दिसूं लागला होता. मुलानें विचारिलें, "एवढा पाऊस पडतो, मग पाणी जातें कुठें?" आपल्या जिल्ह्यांत वर्षास तीन हजार मिलिमीटरांहून अधिक पाऊस पडतो, आणि वैशाखांत बायका हंडे घेऊन फिरतात, हा प्रश्न त्याच्या आधीं पुष्कळांनीं विचारिला आहे. जांभा सच्छिद्र असतो, उतार तीव्र असतो, पाणी मुरतें व वाहून जातें, एवढें आम्हांस सांगतां आलें. त्याचें समाधान झालें नाहीं. त्यानें वापरांतून गेलेला एक जुना दोर घेतला व मोजपट्टी मागितली. ती आमच्या घरीं नव्हती, शेजाऱ्यांची आणली. वीतभर अंतरावर त्यानें दोराला गांठी मारल्या आणि टोंकाला दगड बांधला.

त्या वर्षीं पाऊस लवकर आला, मे महिन्याच्या अखेरच्या आठवड्यांतच. रोज सकाळीं तो दोर सोडून पाणी किती गांठी चढलें तें वहींत लिहूं लागला, आणि रात्रीं मुंबईस वडिलांना फोनवर सांगूं लागला. वही आम्हीं आज बरोबर आणली आहे. सभा संपल्यावर पाहावयाची असेल त्यांनीं पाहावी. पहिल्या चार दिवसांचे आंकडे नीट आहेत. पांचव्या दिवसापुढें 'विसरलों' असें लिहिलें आहे, आणि सहाव्या दिवसापासून पुन्हां आंकडे आहेत.